भिंती कोरड्या ठणठणीत

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

ठरले. हे घर विकायचे आणि मोठे घ्यायचे. एजंट ठेवायचा नाही. ऑफिसात टाचणीपासून लिफ्टपर्यंत सगळी खरेदी माझ्या सहीने होते, मला कोण गुंडाळणार? हिने विचारले, ऑफिसात तुम्ही विकत घेता, विकलंय कधी काही? प्रश्न बाळबोध होता.

या वहीत स्वतःपुरते व्यावहारिक नियम लिहीत जाणार. पुढेमागे लोक सल्ला विचारायला येतील, तेव्हा हाताशी असावेत.

नियम पहिला: विकणाऱ्याने घाबरू नये. घाबरलेला माणूस गिऱ्हाइकाला लांबून ओळखू येतो.

मी घाबरत नाही. छातीत धडधडते ते चहा जास्त झाल्यामुळे.

४ फेब्रुवारी

बेडरूमच्या भिंतीवरची ओल. गेल्या वर्षी पंजाएवढी होती, आता ताटाएवढी झाली आहे आणि मधोमध पोपडे सुटलेत. वरच्या मजल्यावरच्या पैलवानाचे बाथरूम बरोबर त्या बाजूला येते. हा माणूस व्यायामाचे क्लास घेतो आणि प्रत्येक क्लासनंतर आंघोळ करतो. आंघोळ कसली, धरण फोडतो. त्याच्या बाथरूमची फरशी उखडल्याशिवाय दुरुस्ती होणार नाही आणि आमचे तर बोलणे बंद आहे. त्याने जिन्यात वजने ठेवली म्हणून मी लिफ्टमध्ये नोटीस लावली होती, तीत ‘काही अडाणी रहिवासी’ असे शब्द होते. शब्द योग्यच होते. फक्त त्याने वाचायला नको होते.

ही म्हणते, वर जा, चुकलं म्हणा, आठवड्याभरात काम होऊन जाईल. मी म्हटले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

खरे कारण लिहून ठेवतो, वही माझीच आहे: त्याचे दंड.

५ फेब्रुवारी

उपाय सापडला. कपाट! मोठे लाकडी कपाट सरकवून ओलीसमोर उभे केले. मी, ही आणि कन्या, तिघांनी मिळून. कपाट माझ्या अंगठ्यावर आले, पण ओल दिसेनाशी झाली. खिडकीचे एक दार आता उघडत नाही. इतके चालायचेच.

नियम दुसरा: घराचे दोष झाकू नयेत, सामानाची मांडणी सुधारावी.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिले गिऱ्हाईक. दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या आई. वेळ दुपारी चारची दिली होती, कारण पैलवान संध्याकाळच्या क्लासनंतर सहाला नळ सोडतो. सगळा हिशेब पक्का. त्या आल्या पावणेसहाला.

हॉल मी दोन वाक्यांत आटोपला. स्वयंपाकघर दारातूनच दाखवले. पण डॉक्टरीणबाईंच्या आईंना घाई नव्हती. त्या बोटाच्या पेराने प्रत्येक भिंत वाजवून बघत होत्या, डॉक्टर पाठ वाजवतात तशा. टक टक. मग कान लावायचा. पुन्हा टक टक. बेडरूममध्ये त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि नेमकी त्याच क्षणी वर आंघोळ सुरू झाली.

कपाटामागे थेंब पडू लागला. मी खोकलो. पुन्हा थेंब, पुन्हा खोकलो. शेवटी गाणे म्हणायला लागलो. कन्या आतून धावत आली, तिला वाटले बाबांना काहीतरी झाले.

आईंनी विचारले, खिडकीसमोर कपाट का? मी सांगितले, उन्हाने कपडे विटतात. त्या म्हणाल्या, ही तर उत्तरेची खिडकी. मी म्हटले, काळजी घेतलेली बरी.

त्या गेल्यावर शर्ट पिळावा इतका घाम. नियम पहिला मोडलेला नाही. घाम हा शरीराचा धर्म आहे.

१३ फेब्रुवारी

घर गेले! म्हणजे विकले गेले. डॉक्टरीणबाईंना पसंत आहे. टोकन घेतले. एकतीस मार्चला किल्ल्या द्यायच्या, नाही दिल्या तर जबर दंड. फक्त आईंची एक अट आहे, गळती नाही असे लेखी हवे.

लेखी म्हटल्यावर आधी पेन सापडत नसल्यासारखे केले. पण माघार घेतली तर संशय येणार. घेतले पेन आणि लिहिले: ‘भिंती कोरड्या ठणठणीत. गळती नव्हती, नाही, पुढेही होणार नाही. झाल्यास सर्व जबाबदारी माझी.’ ‘पुढेही होणार नाही’पासून पुढचे कोणी मागितले नव्हते, ते ओघात आले. आईंनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. हसल्या. भाबड्या आहेत.

हिने घरी आल्यावर एवढेच विचारले, पुढेही होणार नाही हे पैलवानाला कळवलंय का?

१६ फेब्रुवारी, रविवार

आता खरेदी. इथे मी माझ्या प्रांतात आहे. एक म्हातारे घड्याळजी आपले घर विकून मुलीकडे राहायला जात आहेत, ते बघायला गेलो. दोन बाल्कन्या, भिंती खरोखर कोरड्या (मीही टक टक करून पाहिले). ही स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली ती तिथेच उभी राहिली. समोर एक झाड आहे, बाकी काही नाही. पण तिचा चेहरा इतका खुलला की मला कोपरखळी मारावी लागली.

नियम तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: घेणाऱ्याने आवड दाखवू नये. आवड दिसली की भाव चढतो.

हिला सांगितले, तोंड वाकडे कर. नाइलाजाने तिने ओटा बुटका आहे असे म्हटले. मी पुढे सरसावलो. हॉल कोंदट आहे, बाल्कन्या दोन कशाला, रंग दवाखान्यासारखा. तो रंग घड्याळजींच्या दिवंगत पत्नीने निवडला होता, असे ते म्हणाले. ते भिंतीवरून हात फिरवू लागले. मी मनात म्हटले, विरघळले.

२३ फेब्रुवारी

दुसरी भेट. मी जांभया दिल्या. हिला मुद्दाम नेले नाही, तिला जमत नाही.

२ मार्च, रविवार

तिसऱ्या भेटीत ‘बघू, विचार करू’ असे म्हणून उठायचे, हे आधीच ठरले होते. तसेच केले. घड्याळजींनी जिन्यापर्यंत सोडलेसुद्धा नाही. आता त्यांचाच फोन येणार. आला की पडेल भावात घ्यायचे.

इकडे कपाटामागून वास येतो आहे. ओल्या पोत्यासारखा. खोलीत अत्तर मारले. आता अत्तर मारलेल्या ओल्या पोत्यासारखा येतो.

७ मार्च

फोन नाही. हा त्यांचा डाव आहे. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही.

ऑफिसात मोबाइल वाजला की खुर्चीतून उडतो. शिपाई विचारतो, साहेब, तब्येत बरी आहे ना? व्यवहारात असताना माणूस सावध राहतो, त्याला काय कळणार.

११ मार्च

मीच फोन केला. सहज. विचारपूस म्हणून. घड्याळजी शांतपणे बोलले. एक तरुण जोडपे आले होते, ती मुलगी खिडकीपाशी उभी राहून रडायला लागली, इतके तिला आवडले. त्याच दिवशी त्यांनी शब्द दिला. मी म्हटले, आमचंही जवळजवळ ठरलं होतं, आम्ही जास्त देऊ.

“तुम्हाला आवडलं नव्हतं हो,” ते म्हणाले. “ज्यांना आवडलं त्यांना दिलं.”

मी फोन ठेवला. मग जिन्यात जाऊन बसलो. घरात जाऊन हिला काय सांगायचे?

११ मार्च, संध्याकाळी

सांगितले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, “खिडकीतलं झाड मला आवडलं होतं. तेवढं तरी बोलू द्यायचं होतंत.” थोड्या वेळाने वळली. “एकतीसला आपण जायचं कुठे?”

मी म्हटले, माझ्या डोक्यात तीन-चार पर्याय आहेत. एकही नाही.

१८ मार्च

आठ घरे पाहिली. आता तर दारातच म्हणतो, फार आवडलं. भाव लगेच चढतो. म्हणजे नियम तिसरा बरोबरच होता.

एका घरात खिडकीसमोर मोठे कपाट होते. मी उलट्या पावली बाहेर आलो.

२२ मार्च

बांधाबांध सुरू. भिंती उघड्या पडल्यात, बोलले की आवाज घुमतो. कन्येने विचारले, मैत्रिणींना नवा पत्ता काय सांगू? मी म्हटले, सरप्राइज आहे. ती हिच्याकडे बघत राहिली, ही खोक्याला चिकटपट्टी लावत राहिली. एकाच खोक्याला, पुन्हा पुन्हा.

भीती वाटते आहे. लिहून टाकले. चहाचा काही संबंध नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कोटेशनमध्ये चुका काढल्या आणि बायकोमुलीला खोक्यांसकट रस्त्यावर आणायची वेळ आणली. सकाळी दाढी करताना गालावर कापले. घर कसले, घराचा कोपरासुद्धा हाती नाही.

२५ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे मुदत मागायची. थेट मागितली तर कमीपणा, म्हणून दात दुखतो असे सांगून दवाखान्यात गेलो. बोलता बोलता विषय काढायचा, असा बेत.

बोलता बोलता म्हणजे काय, तर मी खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, नळी आणि आरसा. बाईंना खरोखरच एक किडलेली दाढ सापडली. इंजेक्शन दिले. अर्धा चेहरा परका झाला. मग त्यांनी सहज विचारले, नवं घर लागलं का?

मी सविस्तर उत्तर दिले. त्यातले एक अक्षरही बाहेर आले नाही. मग मान हलवली, नाही म्हणून. आणि डोळ्यांतून पाणी यायला लागले. इंजेक्शनमुळे. (नाही, इंजेक्शनमुळे नाही.)

बाईंनी नळी काढली, खुर्ची सरळ केली. पाणी दिले, ते हनुवटीवरून शर्टावर गेले. म्हणाल्या, “अहो, एवढं घाबरायचं काय त्यात? आम्हाला तिकडे यायला अजून वर्ष आहे. तोवर भाड्याने राहा तुम्हीच.”

मी त्यांचे आभार मानले. त्यांना वाटले, मी थुंकायला भांडे मागतोय.

२६ मार्च

घराचा प्रश्न मार्गी लावला. विकलेही आणि सोडावेही लागले नाही, असा सौदा या इमारतीत आजवर कोणी केला नसेल. हिला तसे म्हटले. ती बाथरूममध्ये जाऊन दार लावून बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती हसत होती. खोकी उघडायला लागली.

३१ मार्च

किल्ल्या दिल्या. किल्ल्या परत घेतल्या.

भाडेकरार करायला डॉक्टरीणबाईंच्या आई आल्या होत्या. स्वतःच्याच हॉलमध्ये मला ‘बसा’ म्हणाल्या. मी बसलो. भिंतीला खिळा मारायचा तर विचारून मारायचा, असे कळले. जाताना त्या बेडरूममध्ये गेल्या, कपाटावर पेराने टक टक केले आणि माझ्याकडे वळल्या. “तुमचा तो कागद करारालाच जोडलाय हं. गळती झाली तर जबाबदारी तुमची, असं तुम्ही आपणहून लिहिलंय. माणूस असावा तर असा.”

भाबड्या नाहीत.

५ एप्रिल

कपाट स्वतःहून पुढे झुकले. मागची फळी कुजली आहे. आतले लोकरीचे कपडे गेले. ओल आता दारापर्यंत आली आहे आणि वरून सरळ धार लागते. ही म्हणाली, मालकिणीला फोन करा ना, घर गळतंय म्हणून. मी तिच्याकडे पाहिले. ती अगदी गंभीर होती. निदान तसे दाखवत होती.

६ एप्रिल, रविवार. सकाळी.

निर्धार. तत्त्व गेले खड्ड्यात. वर जायचे, माफी मागायची. जिन्यातून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा हिने मागून आमचे दार लावून घेतले.

पैलवानाने दार उघडले. मी त्याच्या दंडांकडे न बघता सगळे एका दमात सांगून टाकले. नोटीस माझी होती. शब्द चुकीचे होते. अडाणी मी होतो. आता कृपा करून बाथरूमची फरशी तेवढी काढू द्या.

त्याने सगळे ऐकून घेतले. इतका शांत, सभ्य माणूस, मी उगाचच घाबरत होतो. आत बोलावले, पाणी दिले, राग केव्हाच गेला म्हणाला. दुरुस्तीलाही तयार. फक्त एक अडचण आहे म्हणाला.

“तुम्ही आता भाडेकरू ना? फरशी फोडायची म्हणजे खालच्या छतालाही हात लागणार, त्याला मालकांची परवानगी लागेल. त्यांना वर पाठवा. गळतीचं त्यांच्याशीच बोलतो.”

६ एप्रिल. संध्याकाळी, सहा.

वर नळ सुटला. बादली लावली.