थोरल्या सुनेची चेष्टा

खालापूर,
बुधवार, ता. ६ फेब्रुवारी १९४६

ती. सौ. जयवंतावहिनीच्या पायांशी कान्हाचा नमस्कार.

पत्र पोशीरला पोचेल तेव्हा तू ओटीवर असशील की परसात, ते मला ठाऊक नाही. पण ते वाचून कोण दाखवणार हे पक्के ठाऊक आहे. तुला अक्षर येत नाही, तुझ्या वडिलांना, धाऊमामांना, नुसती सही येते, आणि त्या घरात चौथी पास झालेले एकच माणूस आहे. तेव्हा त्या माणसाला आधीच बजावून ठेवतो. सावकाश वाचावे, मधले गाळू नये, मनचे घालू नये, आणि आवाज बसलाच तर घोटभर पाणी पिऊन पुढे वाचावे.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा उन्हात बसले की बरा असतो. नागूदादा रोज वालाच्या शेतावर जातो आणि तुझा विषय निघाला की जरा लवकर जातो. पोपटदादाचा धाकटा 'मोटी आई कुटं' करीत तुला शोधत घरभर फिरतो. स्वयंपाक मी करतो. हसू नकोस. उकड मला जमते, थापणे जमत नाही. माझी भाकरी तव्यावर पडते ती तालुक्याच्या नकाशासारखी, आणि उलटायला गेले की कर्जत एकीकडे आणि खालापूर एकीकडे. दादा न बोलता खातो. काल एवढेच म्हणाला, "मीठ बरं हाय."

घरात पोपटदादाची गौरावहिनी असताना मी का राबतो, असे तू विचारशील. ते पुढे सांगतो.

आधी भिसेगावचे. तू तिथे होतीस, पण धाऊमामा बारसे उरकून दुपारच्याच गाडीने गेले होते, म्हणून त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. येसूआत्याच्या नातवाच्या बारशाला आपण सगळे जमलो होतो, आणि मागच्या कापलेल्या खाचरात मालोजीशेटने सिनेमाचा तंबू ठोकला होता. चित्र हिंदी. आपल्या बायांना त्यातले ओ की ठो कळत नाही, म्हणून मशीनच्या बाजूला एक माणूस पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राहतो आणि पडद्यावरचे बोलणे मराठीत सांगतो. नेहमीचा गजा त्या दिवशी घसा बसून आला. शेटने मला गाठले. कॉलेजात होतास ना, हिंदी येते का, म्हणाला. मी हो म्हटले. त्या संध्याकाळी मला कोणी चिनी येते का विचारले असते तरी मी हो म्हटले असते, कारण बायांच्या बाजूला पुढच्याच रांगेत कोण बसले होते ते मी आधीच बघून ठेवले होते.

चित्र एकत्र कुटुंबाचे होते. मोठी हवेली, एक म्हातारी, तिचे दोन मुलगे, दोन सुना. धाकट्याला वेगळे व्हायचे आहे, अंगणात मधोमध भिंत घालायची आहे, आणि थोरली सून सगळ्यांना धरून ठेवते. सगळ्यांच्या मागून जेवते, दिराची बोलणी खाते, जावेचे मूल अंगाखांद्यावर वाढवते. आपल्या बाया बघता बघता त्या हवेलीत राहायलाच गेल्या. आई तर पडद्यावरच्या म्हातारीला, बाये, धाकट्याला जरा दाबात ठेव, असा सल्ला देत होती.

मग तो प्रसंग आला. थोरलीवर आळ येतो, ती गाठोडे घेऊन उंबऱ्यावर उभी राहते आणि सासूला म्हणते, "माँजी, इस घर को एक रखने की मैंने बहुत चेष्टा की."

आणि मी भोंग्यातून सांगितले, "म्हणते, सासूबाई, घर एक ठेवायची मी लई चेष्टा केली."

मग बायांमधून सूर निघाला की बघा, एवढी राबत होती ती सगळी नाटके, मनातून घराला हसत होती. कोणीतरी खाचरातले ढेकूळ उचलून पडद्यावर मारले. ते नेमके सुनेच्या कपाळाला लागले आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या गलक्यात तू एकटी उठून उभी राहिलीस. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "ही बाय चेष्टा करनारी नाय. तिचं डोळं बगा."

आई म्हणाली, "कान्ह्या शिकलाय गं. तो काय खोटं सांगंल?" आणि वळून मला विचारले, "काय रं, असंच बोलली ना ती?"

मी म्हणालो, "व्हय."

वहिनी, शब्द तोंडातून सुटताक्षणी मला कळले होते. हिंदीत चेष्टा म्हणजे थट्टा नव्हे. चेष्टा म्हणजे धडपड, जिवाचा आटापिटा. ती बिचारी म्हणत होती, घर एक राहावे म्हणून मी खूप धडपडले. मागून एक रेल्वेतला माणूस तेच सांगायला लागला, तर मी त्याला तंबूबाहेर ये म्हणून दम दिला. तुला माझा स्वभाव माहीत आहे. चूक झाली की मला आधी राग येतो आणि मग अक्कल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या चुलीशी बसून आई म्हणाली, "थोरल्या सुना अशाच. वरून राबायचं नि आतून घराची चेष्टा करायची." ती पडद्यावरच्या सुनेबद्दल बोलत होती, पण त्या घरात त्या वेळी थोरली सून एकच होती. तू हातातला चहा खाली ठेवलास. म्हणालीस, "मग मीबी चेष्टाच करत आले म्हनायची." आणि धाकट्या बहिणीला घेऊन स्टेशनावर गेलीस, ती नेरळची गाडी धरून पोशीरला.

तुला एवढे का लागले, ते आईला त्या दिवशी कळले नाही. मला कळले. पोपटदादा दिवाळीपासून वेगळी चूल मागत होता, आणि ती मांडली जाऊ नये म्हणून तू कोठीची किल्ली आपल्या कमरेची काढून गौरावहिनीच्या कमरेला लावलीस. तिच्या मुलांना आधी वाढायला लागलीस. दादाशीसुद्धा त्यावरून भांडलीस. हे मी बघितले आहे. आणि तरी मी "व्हय" म्हणालो.

तू गेल्यावर दोन दिवस मी घुम्यासारखा बसलो. तिसऱ्या दिवशी आईला म्हटले, बैलगाडीत बस, भिसेगावला जायचे आहे. कशाला, तर तेच चित्र पुन्हा बघायला. तिला वाटले मला वेड लागले. पण मी हट्टाला पेटलो की घरात कोणी वाद घालत नाही, त्याचा एवढा तरी उपयोग.

मालोजीशेट भोंगा द्यायला तयार नव्हता. म्हणाला, "तुझ्यापायी माज्या पडद्याला भोक पडलंय. आता काय तंबू जाळतोस?" मी म्हटले, एकच वाक्य सांगतो आणि देतो परत. गजाला दया आली असावी, त्याने आपणहून माझ्या हाती दिला. तो प्रसंग आला, सून उंबऱ्यावर आली, आणि मी भोंग्यातून म्हणालो, "बायांनो, परवा मी चुकीचं सांगितलं. त्यांच्या बोलीत चेष्टा म्हंजे धडपड. ती म्हणतेय, हे घर एक राहावं म्हणून मी लई धडपड केली, सासूबाई."

या वेळी कोणी ढेकूळ मारले नाही. पुढे नाके ओढल्याचा आवाज यायला लागला. आई उठली. उठली ती पडद्यासमोरच, तिची सावली सुनेच्या अंगावर पडली, मागचे लोक बस म्हणून ओरडायला लागले. तिने तिकडे बघितलेही नाही. तिथूनच मला विचारले, "मंग परवा का नाय बोललास रं? माजी सून घालवलीस तू. कुटं लक्ष हुतं तुजं?"

मी खरे ते सांगितले. फक्त भोंगा अजून तोंडाशीच होता, हे ध्यानात आले नाही.

"माझं लक्ष सुंदराकडे होतं."

अख्ख्या तंबूने ऐकले. भिसेगावने ऐकले. मशीन चालवणाऱ्याने हसता हसता चित्र थांबवले. कोणीतरी अंधारातून विचारले, कोणती सुंदरा, तर येसूआत्याने तुझी धाकटी बहीण म्हणून माहेराच्या नावासकट सांगून टाकले. तेव्हा पत्र यायच्या आधीच बातमी नेरळपर्यंत पोचली असेल, तर त्यात माझा इलाज नाही.

वाचणारीने इथे थांबू नये. पाणी प्यायला हरकत नाही.

वहिनी, मी कॉलेज सोडले ते प्रोफेसराशी भांडून, असे मी सगळ्यांना सांगितले. भांडलो हे खरे. पण दिवाळीत ती तुझ्याकडे राहून गेल्यापासून मी भांडायला कोणीतरी शोधतच होतो. मुंबईत वही उघडली की मला विहिरीवर दोरी आवळून धरणारे तिचे हात दिसायचे. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ होते, पण परीक्षा नव्हती. आता इथल्या शाळेत मास्तराची जागा निघते आहे, तिला अर्ज केला आहे. ती मला मिळेल. का मिळेल ते विचारू नकोस, मिळेल.

आता जे वरपासून पुढे ढकलत आलो ते लिहितो.

इकडे सगळे ठीक, असे मी लिहिले. ते तितकेसे खरे नाही. पोपटदादाची चूल पेटली.

त्या तंबूनंतर मी आणि आई लढाई जिंकल्यासारखे घरी आलो. वाटेत आईने दहादा मला त्या सुनेची गोष्ट सांगितली, जणू मी ती बघितलीच नव्हती. वळणावरून घर दिसले तर धूर दोन ठिकाणांहून निघत होता. तू नाहीस, आई नाही, तेवढ्यात त्यांनी पडवीत चूल मांडली होती. मी गाडीतून उडी टाकली आणि लाथ घालायला धावलो. पोपटदादा आडवा आला. म्हणाला, "तंबूतली भिंत कापडाची असती रं कान्ह्या. पाडायला काय लागतं? वहिनी गेल्यापासनं हितं माजी पोरं उपाशी निजत्यात तुमच्या पंगतीची वाट बगत." मी हात उचलला होता. आईने तो धरला. मग ती आत गेली, हळदकुंकवाची कुयरी घेऊन आली आणि नव्या चुलीला बोटे लावली. म्हणाली, "पेटलीय तर पुजलेली बरी."

गौरावहिनी रडायला लागली. पोपटदादाने विचारले, "आई, तू कुटं जेवनार?"

"जी आदी हाक मारंल तिच्याकडं."

तेव्हापासून असे चालले आहे. गौरावहिनी कालवण इकडे पाठवते. मी भाकरी तिकडे पाठवत नाही, कारण मला त्यांच्या पोरांचे वाईट करायचे नाही. आणि खरे सांगायचे तर पोपटदादाचा धाकटा आता पोटभर खाऊन निजतो, हे मी बघतो. त्यामुळे माझा राग पूर्वीसारखा पेटत नाही.

आता धाऊमामांना. मामा, बारशाच्या दिवशी नागूदादाने सहज माझ्या लग्नाचा विषय काढला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी दाराआडून ऐकले. दोन चुलींच्या घरात दोन बहिणी दिल्या तर त्या बहिणी राहत नाहीत, जावा होतात. तुमचे बोलणे मला पटले आणि माझी झोप गेली. मला सोपे होते. गप्प राहायचे, वहिनीला आणायचे, मागणी घालायची, आणि लग्न झाल्यावर तुम्हाला धूर दिसला असता. पण मी एकदा चुकीचे सांगून गप्प बसलो आणि घरातले माणूस गेले. पुन्हा तसे करणार नाही. आमच्या घरात दोन चुली आहेत. भिंत नाही. भिंत घालायला कोणी निघालाच तर आधी माझ्याशी गाठ आहे, आणि हे पोपटदादालाही ठाऊक आहे.

वहिनी, सोमवारी आई आणि दादा तुला न्यायला येतात. दादा तसे काही बोलला नाही, पण त्याने आज बैलांच्या शिंगांना तेल लावले. आई चुकले म्हणणार नाही, तिच्या तोंडात तो शब्द नाही. ती तुला पाय धुवायला पाणी मागेल आणि घरी चल म्हणेल. तेवढ्यात समजून घे. तुझी चूल तुझ्या जागीच आहे. तिच्यावर मी जे अत्याचार केले ते येऊन बघ आणि मग मला काय मारायचे ते मार.

आणि सुंदरा, तू इथवर वाचत आली असशील तर मामा समोर बसले असतील, वहिनी तुझ्याकडे बघत असेल, आणि तुझीच मागणी तुझ्याच तोंडून त्यांना ऐकू जात असेल. दुसऱ्या कोणाला पाठवून मी ती घातली असती तर वाटेत काय झाले असते ते देव जाणे. मी तुला मागतो आहे, घर जसे आहे तसे दाखवून. उत्तर आईपाशी दे. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. तू जो शब्द बोलशील त्याचा मी दुसरा अर्थ लावणार नाही.

तुझा धाकटा दीर, आणि वाचणारी म्हणेल तिचा तो,
कान्हा