जागा एक, उमेदवार दोघी

४ जून
घेतली एकदाची हरकत! भूशास्त्राची कायमची जागा एकच, आणि मुलाखतीला उरलोय दोघी. मी यंदा पात्रता परीक्षा पास. ती — मी तिला टाचणी म्हणते, तशीच आहे अंगाने — नुसती डॉक्टरेटवाली. परीक्षा दिलेलीच नाही! आणि नवा नियम म्हणतो, परीक्षा हवीच. ताई वकील, तिनेच अर्ज लिहून दिला. "इतकी वर्षं तासाच्या पैशांवर राबलीस. आता गप्प राहिलीस तर बस बोंबलत!"

९ जून
नमुना पाठ झाले. आमच्याकडची पद्धत अशी — खरी मुलं समोर, निवड समिती बाजूला आणि दुसरी उमेदवार मागच्या बाकावर. माझा पाठ आधी झाला. बरा झाला. मग टाचणीच्या चुका टिपायला वही उघडून बसले.

तिने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. खडू वर धरला. म्हणाली, "हा समुद्र आहे. आटलेला." पाणी कसं उडत जातं, खडूतलं जिप्सम कसं तळाशी बसतं, थरावर थर, कोट्यवधी वर्षं — आणि तेच आपण बोटांना लावून घरी जातो! मला हे सगळं तोंडपाठ आहे. तरी अंगावर काटा आला.

आणि मी काय करावं? हात वर केला! "मॅडम, मग त्या पाण्यातलं मीठ कुठे गेलं?"

मुलं फिदीफिदी हसली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही उमेदवार आहात ना?" टाचणी मात्र हसली नाही. सावकाश समजावून सांगितलं. मी ते उतरवून घेतलं!

१० जून
अजून तेच डोक्यात. काय बाई शिकवते!

१३ जून
हरकत मागे घेतली. असं शिकवणारीला एका परीक्षेवरून अडवायचं — नाही जमलं मला. ताई भडकली. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास!" खरंय तिचं. थोडी रडले. पण आपण बरंच मोठं मन दाखवलं, असंही वाटतंय.

२० जून
कॉलेजची नोटीस. मी अपात्र! अर्जाच्या शेवटच्या तारखेला माझा परीक्षेचा निकाल लागला नव्हता, अशी हरकत आली. सही टाचणीची. तारीख नमुना पाठाच्या दुसऱ्या दिवसाची. ताईने हरकतीची प्रत वाचून माझ्या हातात दिली. चार ओळी, एक शब्द जास्तीचा नाही. इतकं स्वच्छ मांडलंय, की वाचता वाचता मलाच पटलं.