आमच्या भोंग्याला कोणी गरीब म्हणू नये

मी, खालच्या गल्लीतली पाळणाघरवाली आजी, वयाची सत्तरी उलटलेली. गुडघे गेले, दम गेला, डोकं मात्र जागेवर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने लिहिते. कोणी धाक घातला नाही, कोणी गळ घातली नाही. घातली असती तरी मी ऐकलं नसतं, हे घरच्यांना ठाऊक आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. तेवढी फुरसत मिळाली नाही.

मला एकच मुलगा. तो समोरच्या भट्टीत कामाला आहे. तिथे गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. सून कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. त्यांची मुलगी पाच वर्षांची. जन्मली तेव्हा अशी रडायची की अख्खी गल्ली उठून बसायची, म्हणून तिचं नाव भोंगा पडलं.

कलम पहिले, राहतं घर. दोन खोल्या आणि पुढचं अंगण, हे सगळं मी सुनेच्या नावे करते. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो भिडस्त आहे, मालकाने खांद्यावर हात ठेवला की विरघळतो. भट्टीच्या मालकाला हे घर बॅटऱ्या रचायला हवं आहे. दरवर्षी दारात येऊन विचारतो, "आजी, किती दिवस अडून बसणार?" मी म्हणते, "तुझी भट्टी थंड होईपर्यंत." माझ्या मागेही घर त्याला विकू नये.

ही भट्टी पूर्वी टेकडीच्या पायथ्याशी होती. टेकडीवर साहेब लोकांचे बंगले. त्यांची मुलं खोकायला लागली, त्यांनी एक अर्ज दिला आणि भट्टी हलली. हलली म्हणजे आमच्या दारात आली. अर्ज आम्हीही दिले. ते बहुधा अजून वाटेतच आहेत.

भट्टी इकडे आल्यावरही काही वर्षं मी सकाळी टेकडीवरच्या एका बंगल्यात मुलं सांभाळायची आणि दुपारपासून घरी गल्लीतली. टेकडीवरची पोरं महाबिलंदर. पडदे ओढायची, चावायची, प्रश्न विचारून जीव खायची. माझ्याकडची पोरं दिलं ते खायची, बसवलं तिथे बसायची. त्यांच्या आया कौतुकाने सांगायच्या, "आमचं पोर फार गरीब हो, काही त्रास नाही." मलाही बरंच वाटायचं; दहा पोरं सांभाळणारीला गरीब पोर म्हणजे सुख. एकदा मी हे बंगल्यातल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडची मुलं गरीब असतातच." कोणत्या अर्थाने म्हणाल्या, ते मला आजवर कळलेलं नाही. त्यांनी दिलेली शाल ट्रंकेत आहे, तिची घडी मोडलेली नाही. ती त्यांना परत करावी. सोबत निरोप वगैरे द्यायचा नाही.

गेल्या वर्षी आमचा भोंगा गरीब झाला. हट्ट बंद, पळणं बंद. पोट दुखतं म्हणायची, तेही हळूच. शेजारणी म्हणाल्या, "शहाणी झाली गं तुमची नात." मुलगा खूश. मला मात्र घरातली शांतता सोसेना. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं; पोर त्यानेच मंदावली होती.

त्या म्हणाल्या, "आजी, खरं औषध म्हणजे हिला इथून हलवा. आणि वडिलांच्या कपड्यांवरून धूळ घरात येते, ती थांबवा."

मी विचारलं, "गेलं ते परत येईल?"

"सगळं नाही येणार. पुढचं वाचेल."

तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. माझ्या हाताखालून गेलेली सगळी गरीब पोरं डोळ्यांसमोर येतात. त्यातली निम्मी आज भट्टीतच आहेत.

कलम दुसरे, शिल्लक. बँकेत जे असेल त्यातून टेकडीपलीकडे एक खोली भाड्याने घ्यावी आणि मुलगा, सून, भोंगा यांनी तिथे राहायला जावं. माझ्या मरणाची वाट पाहू नये, वर्ष सरण्याची तर नाहीच. माझ्यावर खर्च करू नये. विजेवर जाळा; गल्लीत धूर पुरेसा आहे.

घर रिकामं झालं की त्यात एकाही मुलाने झोपायचं नाही, रांगायचं नाही. अंगणातल्या मातीवर सिमेंट घालावं. बाहेरच्या खोलीत न्हाणीघर करावं आणि भिंतीला खुंट्या ठोकाव्यात. भट्टीतून सुटलेल्या प्रत्येक माणसाने इथे आंघोळ करावी, कामाचे कपडे इथेच टांगावेत, धुतलेले घालावेत आणि मग घरी जावं. मुलगा म्हणाला, "आई, मिशा पिकलेली माणसं पाळणाघरात आंघोळीला येणार? लोक हसतील." हसू देत. इतकी वर्षं मी पोरं धुतली, आता त्यांचे बाप धुवा. खरं तर हे काम मालकाचं आहे. त्याने भट्टीत नळ बसवला तर ही अट रद्द समजावी. मला तशी आशा नाही.

मुलाला माझी मोठी बादली, कपडे धुण्याचा दगड आणि दाराबाहेरची खुंटी. बाळा, तू दारातूनच हात पसरून लेकीला उचलायला येतोस. त्यात तुझं काय चुकलं? पण आधी बादली, मग लेक.

पाळणा आणि भांडी शिंपिणीला. तिची माडी गल्लीच्या पार टोकाला आहे, उरलेली पोरं ती तिथे सांभाळीन म्हणते. सगळ्यांना पलीकडे नेता येईल एवढी खोली माझ्याकडे नाही. घराची किल्लीही तिच्याकडेच राहील.

शेवटचे कलम. आमच्या भोंग्याला कोणी गरीब म्हणू नये. तिने पडदा ओढला, काही सांडलं, उलट उत्तर दिलं, तर ती तिच्या हक्काची मिळकत समजावी. तीत कोणाचाही वाटा नाही.

मला सही येते, पण हात कापतो, म्हणून सहीशेजारी अंगठाही उमटवला आहे.

साक्षीदार पहिली: गल्लीच्या टोकाची शिंपीण (सही)
साक्षीदार दुसरा: निवृत्त पोस्टमन, शेजारी (सही)
ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिवस: महिन्याचा पहिला रविवार; भट्टीला सुट्टी, म्हणून खिडकी उघडी

खुलासा, साक्षीदार दुसरा याच्या हातचा: सहीच्या खाली लहान पंजाचे दोन निळे ठसे आहेत. ती खाडाखोड समजू नये. आजींचा अंगठा घेऊन झाल्यावर नातीने शाईच्या पॅडवर हात दाबला आणि कागदावर थापला. मग तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी रागावलं नाही, तेव्हा पुन्हा थापला.