रुईच्या डोळ्यातलं काजळ

अहो,

रुईला पिशवीत घालून रिक्षाने मेहरूणच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जातेय. तुमचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, म्हणून हे फ्रिजवर चिकटवलं.

सकाळी तिचा उजवा डोळा उघडेचना. बुबुळावर पांढुरका डाग दिसतोय. चपट्या तोंडाची ही मांजर, डोळे आधीच बाहेर आलेले. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मी रोज किती जपून पुसते, तुम्ही बघताच. काल आईंनी त्याच डोळ्यात बोटाने काजळ घातलं. "बठ्ठी गल्ली इले देखस, नजर लागी जाई," म्हणाल्या. सगळी गल्ली तिला बघायला येते ना. नख लागलं असणार. डॉक्टर फोनवर म्हणाले, उशीर केला तर डोळा काढावा लागेल.

आईंवर ओरडू नका, त्यांनी मायेनेच केलं. वरणभात कुकरमध्ये आहे.

पण आत्ता त्या दिवा लावून नवं काजळ धरतायत. पुढच्या महिन्यात आपल्या बाळाला लागेल म्हणून. मघाशी त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला, तर मी दचकून मागे सरले. त्यांनी ते पाहिलं. माझी बोलायची हिंमत होत नाही हो. तुम्हीच बोला, मी परत यायच्या आत.

पुनम