कोपऱ्यातली गोलाई

सर, तुम्हांला जाऊन बारा वर्षे झाली, आणि तुम्हांला एक गोष्ट पायरीपायरीने समजावून सांगायची राहून गेली आहे. पायरी गाळायची नाही ही सवय तुमचीच. वसमतच्या आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गात धातू कातायची लेथ मशीन सुरू करण्याआधी तुम्ही प्रत्येकाला विचारायचात, "हा भाग कोणाला जाऊन भेटणार हाय?" म्हणजे तो ज्यात बसणार, तो दुसरा भाग कोणता. उत्तर आले नाही तर मशीनला हात लावू देत नसत. त्या वर्गात मी एकटी मुलगी, शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरून एसटीने येणारी. पहिल्याच आठवड्यात गळ्यात ओढणी तशीच ठेवून मी लेथजवळ गेले. तुम्ही आधी मेन स्विच बंद केलात आणि मग बोललात: "मशीन बाई बघत न्हाई, लेकरू बघत न्हाई. उद्यापासून एक तर ओढणी घरी ऱ्हाईल, न्हाई तर तू." एसटीत मी तोंड खिडकीकडे करून रडले. दुसऱ्या दिवशी भावाचा शर्ट घालून आले. तुम्ही सगळ्यांत चांगली मशीन मला दिलीत.

त्याहून जास्त आठवते ते तुमचे स्वयंपाकघर. शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, नेहमी जाडी बदलते त्या कोपऱ्यातच का मोडतो, हे मला वर्गात कळले नव्हते, म्हणून तुम्ही रविवारी घरी बोलावले आहे. काकू ओट्याशी भाकरी थापताहेत. त्यांनी धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांतल्या दोन तुम्ही काढता. एकीला ब्लेडने नखाएवढी चीर देता, दुसरीला देवापुढची उदबत्ती टेकवून गोल भोक पाडता. "ओढ." चिरेची पिशवी एका झटक्यात फाटते. भोकाची नुसती लांबत जाते, फाटत नाही. काकू मागे न वळता म्हणतात, "आयटीआय कमी पडून राहिलं का? माझ्या पिशव्या काहून फाडता?" "लेकरू शिकून राहिलं. दोन पिशव्यांचं काय घेऊन बसली?" "मग लेकराला जेवाय बी पिशवीच वाढा." तुम्ही हसता, आणि मला सांगता की ओढ टोकदार जागी गोळा होते, गोलाई दिली की वाटली जाते. पुढे पदविकेत आणि नंतर पदवीला हाच विषय मी समीकरणांसह शिकले. आकडे तेवढे नवीन होते.

आता दुसरी पायरी. एखादा देश परदेशी कंपनीकडून लढाऊ विमाने विकत घेतो, तेव्हा तो एक अट घालतो: किमतीचा ठरावीक हिस्सा आमच्या कारखान्यांना काम म्हणून परत द्या, आणि कामाबरोबर विद्याही द्या. कंपनी मग त्या देशात भागीदार शोधते. आमच्या बाबतीत मोठा भागीदार हैदराबादला होता. तो अवघड काम स्वतःकडे ठेवी आणि बाकीचे लहान कारखान्यांना वाटून देई. त्याच्या वतीने त्या लहान कारखान्यांची तपासणी करणे ही माझी नोकरी. ही रचना मला तेव्हा विलक्षण सुंदर वाटली होती, आणि कागदावर ती आजही सुंदर आहे. निवृत्तीनंतर तुम्ही वसमतच्या वेशीबाहेर छोटा कारखाना काढला होता आणि हळद पॉलिश करायच्या ड्रमचे शाफ्ट तिथे तयार होत. मी तिथल्या फरशीवर खडूने चौकटी काढल्या, बाण काढले आणि तासभर बोलले. तुम्ही शांतपणे ऐकलेत. "म्हंजे विमान त्यांचं अन् बिजागरी आपली." "तसं नाही सर, हळूहळू तंत्रज्ञानही येतं." "येऊ दे की. तवर चहा घे."

तुमच्या कारखान्यालाही काम मिळाले, आणि पहिला नकाशा आला तो तळहाताएवढ्या अॅल्युमिनियमच्या कोनाचा, म्हणजे काटकोनात वळलेल्या आधारपट्टीचा. तुम्ही चष्मा लावून तो बराच वेळ पाहिलात. "हा भाग कोणाला भेटणार हाय?" ते सांगत नाहीत, मी म्हणाले. "तुला तरी ठाऊक हाय का?" मलाही नव्हते. आमच्याकडे प्रत्येक भागाचा नकाशा येतो. जोडणीचा नकाशा कंपनी स्वतःकडे ठेवते. मग तुम्ही आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलेत. "इथं गोलाई न्हाई म्हणल्यासारखीच हाय. हळदीच्या ड्रमला बी मी असा कोपरा ठिवत न्हाई. हे तर आभाळात जाणार. इचार त्यांना." त्यासाठी एक छापील अर्ज असतो. तो हैदराबादला जातो, तिथून समुद्रापार, आणि त्याच वाटेने उत्तर येते. मी म्हणाले, विचारते.

पंधरा दिवसांनी मी फोन केला. "सर, वरून नकार आला. नकाशाप्रमाणेच करायचं." तुम्ही म्हणालात, "त्यांनी इचार करूनच सांगितलं असंल. माझंच काही तरी चुकत असंल." नमुने तुम्ही नकाशाप्रमाणे केलेत. सगळे पास झाले; हैदराबादच्या साहेबांनी कौतुकाचे पत्रही दिले. पण काकूंनी मला सांगितले की तुम्ही जुन्या वह्या काढल्यात, माळ्यावरचे मोडके शाफ्ट खाली आणलेत आणि भिंग घेऊन त्यांचे कोपरे पाहत बसू लागलात. पुढच्या भेटीत तुम्ही मला स्टुलावर बसवलेत आणि स्वतः समोर उभे राहिलात. "पोरी, तू डिग्री केली. बराबर सांग, मी कुठं चुकलो?" मी सांगितले. धातूची जात, संगणकावर आधीच काढलेला ताण, कोपऱ्यात टेकत असावा असा दुसरा भाग: अर्धा तास मी उत्साहाने समजावत होते. मला समजावता येते, ती विद्याही तुमच्याकडचीच. तुम्ही मान हलवत होता, मी वर्गात हलवायची तशी. त्या वर्षी आयटीआयने नव्या तुकडीपुढे बोलायला तुम्हांला बोलावले. मी मागे बसले होते. पिशव्यांचा धडा तुम्ही घेतला नाहीत. बाहेर आल्यावर विचारले तर म्हणालात, "ज्याची खात्री न्हाई ते लेकरांना कसं शिकवू?" पुढच्या उन्हाळ्याआधीच तुम्ही गेलात.

भागीदारीचे पुढे काय झाले तेही सांगते. विमाने आली, अटीतले बंधन पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला आणि लहान कारखान्यांचे काम थांबले. तसे स्पष्ट पत्र कोणी पाठवले नाही, नुसते नवे नकाशे यायचे बंद झाले. हैदराबादच्या कार्यालयात दोन झेंड्यांखाली हस्तांदोलनाचे मोठे छायाचित्र आहे. अहवालात आपल्या वसमतच्या कारखान्याची नोंद 'तंत्रज्ञान मिळालेला' अशी आहे. त्या कोनाला कोण भेटते हे मला अजूनही माहीत नाही. कदाचित त्या कोपऱ्यात खरोखरच दुसरा भाग घट्ट बसत असेल. तशा वेळी कोपऱ्यात आत खाच घेऊन गोलाई राखता येते, हेही तुम्हीच शिकवले होते. तुम्ही बरोबर होता की कंपनी, हे सांगू शकणारे लोक समुद्रापार आहेत, आणि त्यांना कधी कोणी विचारलेच नाही.

ही शेवटची पायरी, सर. नकार आला नव्हता. मी अर्ज पाठवलाच नव्हता. आमचे साहेब म्हणत की चांगला पुरवठादार प्रश्न विचारत नाही, आणि कितीतरी वर्षे मी हेच कारण स्वतःला दिले. ते खरे कारण नाही. अर्जात एक रकाना होता: प्रश्न विचारणाऱ्याचा मूळ व्यवसाय. तिथे हळदीचे ड्रम असे लिहायचे होते. ते कागद जिथे वाचले जातात तिथे हे वाचून कोणी हसेल, आणि त्याखाली माझी सही असेल, याची मला लाज वाटली. अर्ज अर्ध्या पानाचा होता. तो टेबलाच्या खणात ठेवून मी तुम्हांला फोन लावला.

काकू अजून त्याच घरात आहेत. इथवर लिहिलेले हे पत्र त्यांना वाचून दाखवता येईल, म्हणून गेल्या महिन्यात ते पिशवीत घालून गेले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी ते म्हणायचे, आपलं ग्यान ड्रमापुरतंच व्हतं." मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि पत्र पिशवीत तसेच ठेवून गावाकडे जाणारी औंढ्याची गाडी पकडली.