साठ फॉर्म आणि पुढच्या पिढीचा लॅपटॉप

४ मार्च, सकाळ

ही वही जानेवारीत घेतली. रोज लिहायचं पक्कं होतं. आज मार्च उजाडला. मधे लिहिलं नाही त्याला कारणं आहेत. आधी पेन नव्हतं. मग पेन आलं पण हाताला बसेना. मग बसलं, तर ते इस्त्रीने नेलं. इस्त्री म्हणजे माझा रूम पार्टनर. एका हॉटेलच्या लाँड्रीत दिवसाला दोनशे चादरी इस्त्री करतो. तो म्हणतो, लेका, दोन महिने न लिहिता गेले, तर तिसराही जाईल. असल्या लोकांमुळे माणूस मागे राहतो.

आज लिहिण्यासारखं घडलंय. नोकरी लागली. सर्व्हेची. एका बड्या कंपनीला (नाव आम्हाला सांगत नाहीत, गुप्त) पुढच्या पिढीचा प्रीमियम लॅपटॉप काढायचाय. त्यात लोकांना काय हवंय ते आपण विचारायचं. साठ माणसं, साठ फॉर्म, प्रत्येकी बत्तीस प्रश्न. समोरासमोर बसूनच, फोनवर चालणार नाही. मुदत ३० एप्रिल. ज्याचे फॉर्म सगळ्यांत चांगले त्याला तोच लॅपटॉप, बाजारात यायच्या आधी.

रोजचा एक फॉर्म केला तरी जवळजवळ पुरतो. मी पाच करीन. १६ मार्चला मोकळा.

मला स्वतःला लॅपटॉप कधी नव्हता. उलट बरंच आहे. मन कोरं राहतं.

६ मार्च

ताईचा फोन. बाबांच्या डोळ्यांचं. काचबिंदू. डावा गेलाच म्हणे, उजव्यात थोडं उरलंय, तेही नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही. महिना म्हणा, दोन म्हणा. ताई म्हणाली, तू ये. दिसतंय तोवर ये.

मी म्हटलं, येतो ना, एवढा प्रोजेक्ट संपला की लगेच.

ती म्हणाली, तीन वर्षं तुझा कुठला ना कुठला प्रोजेक्टच चाललाय. बोटीवर भांडी घासणं हा प्रोजेक्ट होता. हेल्मेट विकणं हा प्रोजेक्ट होता.

हेल्मेटमध्ये मी टीम लीडर होतो. ती हे नेहमी विसरते.

कॉलेज अर्धवट सोडून निघालो तेव्हा बाबा त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात होते, कुणाचा तरी टाइपरायटर उघडा करून. मी म्हटलं होतं, काहीतरी होऊनच येईन. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाले, बरं. आता रिकाम्या हाताने कसं जायचं? माझ्या शब्दाला काही किंमत आहे.

९ मार्च

पहिला इंटरव्ह्यू. दातांच्या डॉक्टरीणबाई. वेटिंग रूममध्ये दीड तास बसलो. त्या म्हणाल्या, पेशंट सोडून वेळ नाही, खुर्चीत बसा, तपासता तपासता बोलू. त्या बोलल्याही भरभरून. पण माझं तोंड त्यांच्या ताब्यात असल्याने मला प्रश्न विचारता आले नाहीत. एवढं कळलं की त्यांना धुता येणारा कीबोर्ड हवाय. आणि माझी अक्कलदाढ काढायला झालीय.

फॉर्म १. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१४ मार्च

फॉर्म ३.

आज सकाळी आठला निघालो होतो. ऑफिसांच्या रस्त्यावर एका बांधकामावर क्रेन चालू होती. क्रेनवाला वर एकटाच त्या काचेच्या खोक्यात. त्याला खालचं सगळं मुंगीएवढं दिसत असणार, आणि तरी लोखंडी तुळई बरोब्बर जागेवर. बघता बघता दुपारचा दीड झाला. हा वेळ वाया गेला असं मी मानत नाही. निरीक्षण हाच सर्व्हेचा पाया आहे.

दुपारी एक वकील मिळाले. त्यांना पंखा न वाजणारा लॅपटॉप हवा. म्हणाले, घटस्फोटाची केस सांगता सांगता बाई गप्प होते, खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि तेवढ्यात हा मेला घूं करून सुरू होतो.

१७ मार्च

लोकांना काय हवंय हे आता मला कळायला लागलंय. बॅटरी दोन दिवस टिकणारी. वजन वहीएवढं. झाकणावर बोटांचे डाग नकोत. मांडीवर ठेवला तर मांडी भाजायला नको (हे एका जाड्या बिल्डरने पँट दाखवून सांगितलं).

आज एक बाई. नवरा डिसेंबरमध्ये गेला. त्याचा लॅपटॉप टेबलावर तसाच, एकदम भारी. चेहरा ओळखून उघडणारा. पासवर्ड तिला कधी विचारावासा वाटला नाही. मुलांचे लहानपणचे फोटो सगळे आत. दुकानवाला म्हणाला, उघडतो पण सगळं पुसून. ती अधूनमधून झाकण वर करते. मग तो चेहरा शोधत बसतो. वर एक ठिपका फिरत राहतो म्हणे. ती म्हणाली, लिहा हो, पुढच्याला चेहरा नको. चेहरा राहत नाही.

बत्तीसपैकी नऊच प्रश्न झाले. पाणी पिऊन निघालो. जिन्यात पाच मिनिटं बसलो. चप्पल चावत होती.

२३ मार्च

ताईचा मेसेज: बाबा भिंत धरून चालतात. व्हिडिओ कॉल कर.

केला. माझ्या फोनचा स्क्रीन तडकलेला, ताईचा छोटा. बाबांनी फोन नाकाला लावला. मला फक्त एक भुवई दिसत होती. ते म्हणाले, उजेडात ये. मी खिडकीत गेलो. अजून उजेडात ये, म्हणाले. मी गच्चीवर गेलो. मग रेंज गेली.

पण यातूनच आयडिया सुचली! प्रश्न क्र. १७: स्क्रीनचा ब्राइटनेस किती हवा? नव्या लॅपटॉपचा ब्राइटनेस म्हणे असा, की भर उन्हात आरशासारखं लख्ख दिसेल. सोळा इंची. म्हणजे तो मला मिळाला की सरळ घरी न्यायचा, बाबांसमोर ठेवायचा, आणि मी दुसऱ्या खोलीतून कॉल करायचा. माझा चेहरा परातीएवढा. नळीतून काय, भिंतीतूनही दिसेल.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, अरे, दुसऱ्या खोलीत येणारच आहेस, तर त्याच खोलीत ये ना. आणि म्हणाली, त्यांना तुझं यश बघायचं नाहीये, तोंड बघायचंय.

ताई फार भावनिक आहे. तिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

१ एप्रिल

फॉर्म ११. आजचं नाही हे, एकूण.

इस्त्री म्हणाला, तुमच्या धंद्यात सगळे टेबलावर बसून भरतात रे, कोण जातंय दारोदार. मी म्हटलं, मी तत्त्वाचा माणूस आहे. तो म्हणाला, तत्त्वाचा असशील, पण अकरावर आहेस.

२ एप्रिल

टेबलावर बसून नऊ भरले. सकाळच्या चहाला. खरं सांगायचं तर हे उजवे झाले. खरी माणसं भलतीच उत्तरं देतात, एकदम वजन सांगतील आणि मग सासूवर येतील. माझी माणसं मुद्द्याला धरून बोलतात.

८ एप्रिल

साठ! एका आठवड्यात! मनात आणलं तर मी काय करू शकतो याचा हा पुरावा.

अडचण फक्त फोन नंबरांची आली. प्रत्येक फॉर्मवर खरा नंबर लागतो. मोबाइलमधले सगळे टाकले: हेल्मेटवाले, बोटीवरचा आचारी, वेल्डिंगचं दुकान, जुना घरमालक. तरी एक कमी पडला. एकोणीस नंबरला बाबांचा टाकला. ‘निवृत्त व्यावसायिक, वय ६८, तीन प्रीमियम लॅपटॉप वापरले.’ नंबर काय, कोण बघतंय.

आता तीस तारखेची वाट बघायची. घरी जायला मधे हरकत नव्हती, पण निकाल लागताना माणूस जागेवर हवा.

१५ एप्रिल, दुपार

मॅडमने बोलावलं. आमच्या सुपरवायझर मॅडम. टेबलावर माझे साठ फॉर्म, दोन गठ्ठे. एक अगदी बारका.

त्यांच्यात एक पद्धत असते म्हणे. फॉर्म आला की ऑफिसातून त्या माणसाला फोन जातो. आमचा माणूस खरंच आला होता का, समोर बसला होता का. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर ट्रेनिंगच्या दिवशी, आणि ट्रेनिंगच्या दिवशी मी खिडकीपाशी होतो.

आचाऱ्याने फोनवर शिव्या दिल्या. वेल्डिंगवाला म्हणाला, लॅपटॉप नाही, ग्रिल करून देतो. घरमालकाने उलट माझाच पत्ता मागितला. खरे अकरा पास. टेबलावरच्या एकोणपन्नासपैकी पास एकच. एकोणीस.

मॅडम म्हणाल्या, हे आजोबा मात्र छान बोलले. चाळीस मिनिटं. आमच्या फोनवरच्या मुलीने सगळं लिहून घेतलंय. मग वाचून दाखवलं. लॅपटॉप कसा हवा? तर म्हणाले, कळ दाबली की बोटाला कळलं पाहिजे, दाबली गेली म्हणून. हल्लीच्या सगळ्या गुळगुळीत. प्रत्येक कळेवर बारीकसा उंचवटा द्या, न बघता सापडायला हवी. माणूस काही जन्मभर बघत नाही.

मॅडम म्हणाल्या, असा विचार अख्ख्या सर्व्हेत कुणी केला नाही.

मग त्या फोनवरच्या मुलीने विचारलं, आमचा मुलगा आला होता का तुमच्याकडे? ते म्हणाले, आला होता की. परवाच. अगदी समोर बसला. सगळं नीट विचारलं, मधे तोडलं नाही. मुलगा चांगला आहे हो. बारीक झालाय फक्त.

मॅडम म्हणाल्या, जेवत जा जरा. अनोळखी माणसांनाही दिसतं.

मी म्हटलं, हो मॅडम.

खरं तर माझं वजन चार किलो वाढलंय.

मला काढलं नाही. एकोणीस नंबर बघून म्हणाल्या, ज्याला असा माणूस बोलता करता येतो त्याला काम येतं. अठ्ठेचाळीस परत कर, खरे. तीसपर्यंत.

याचा अर्थ सरळ आहे. एक, मॅडमचा माझ्यावर विश्वास आहे. दोन, बाबांचा राग गेलाय. तेव्हा आता घाई करायचं कारण उरलं नाही.

१६ एप्रिल

रात्रीपासून अंग कसकसतंय. गेलो नाही. उद्यापासून रोज चार.

२१ एप्रिल

फॉर्म १३. एका आर्किटेक्ट बाईंना चार्जर न लागणारा लॅपटॉप हवा. मी विचारलं, मग चालणार कशावर? त्या म्हणाल्या, ते तुम्ही बघा, मी फक्त हवं ते सांगतेय. पटलं मला. हवं ते सांगायला काय जातं.

बाबांना फोन करावा असं तीनदा वाटलं. लावला एकदा. त्यांनी उचलला, कोण म्हणाले. मी ठेवला. काय बोलायचं ते आधी मुद्दे काढून ठेवायला हवेत.

मुद्दे: १) थँक्स. २)

२६ एप्रिल

फॉर्म १४.

ताईचे काल दोन, आज चार मिस्ड कॉल. दाजींचाही एक. दाजी मला कधी फोन करत नाहीत, लग्नानंतर हा पहिलाच. इस्त्री म्हणाला, उचल. मी म्हटलं, आता चार दिवसांसाठी कशाला, तीस तारखेला एकदमच चांगली बातमी देतो. तो म्हणाला, कुठली? चादरी दाबून दाबून माणसाचं मन सपाट होतं.

लॅपटॉपचा विचार सोडलेला नाही. कंपनीने एखादा उत्तेजनार्थ दिला तरी स्क्रीन तोच असणार.

२७ एप्रिल

ताईचा मेसेज आला. उघडला नाही. वरची एक ओळ तेवढी दिसली: ‘उजवाही’.

एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. उजवाही बरा असेल.

२९ एप्रिल, सकाळी १०.२०

इस्त्री कामावर. मी फॉर्म घेऊन निघणारच होतो, खरंच निघणार होतो, बूटसुद्धा घातले होते. दार वाजलं.

बाबा.

एकटेच. कठडा धरून तीन जिने चढून आलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. खाली दाजी गाडी लावत होते, त्यांचा आवाज येत होता, बाबा थांबा, थांबा म्हणत होते. हे थांबले नव्हते.

मी समोर उभा. हात पुढे केला असता तर लागला असता, एवढ्यावर. खोलीत भरपूर ऊन होतं. त्यांनी माझ्या कानाच्या थोडं बाजूला बघितलं आणि म्हणाले, माफ करा हं, आमचा मुलगा इथेच राहतो ना? आहे का तो?

मी हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. ते म्हणाले, थँक यू. तुम्ही त्याचे पार्टनर का? त्याचं काम चालू असेल तर असू द्या, उठवू नका त्याला. मला घाई नाही. तुम्ही बसा ना, उभे का?

बाबा मला अहोजाहो करतायत.

मी आत येऊन हे लिहितोय. आत म्हणजे बाथरूममध्ये, दुसरी खोली नाही. बादली उलटी करून बसलोय. बाहेर ते शांत बसलेत, मधे एकदा खाकरले. दाजी दुसऱ्या मजल्यावर आले असावेत, पावलं ऐकू येतायत. ते आले की माझं नाव घेऊन हाक मारतील. त्याच्या आत मी बाहेर जाणार आहे. नक्की जाणार. पहिला शब्द काय बोलायचा, तेवढं ठरलं की उठतो.