चाकांवरची फुगडी

आई, मी चाकांची खुर्ची घेतली. आता पदर खोचून भांडायला उठू नकोस, आधी सगळं ऐकून घे. तू होतीस तेव्हा तुझ्याशी मला कधी पुरतं बोलताच आलं नाही. एक तर माझी जीभ जड, त्यात माझं वाक्य तूच माझ्याआधी संपवायचीस.

मला अजून आपली चूल दिसते. तू भाकरी थापतेयस, मला खांबाला टेकवून जुन्या लुगड्यानं बांधून बसवलंयस, आणि पिठाच्या हातानं माझ्या पायांकडे दाखवतेयस. "ऊठ गो बाय, पाय टाक. मी मेल्यावर कोण उचलील तुला?" तेल चोळलंस, नवस बोललीस, पोलादपुराहून एसटीनं मला कडेवर घेऊन महाडला खेपा घातल्यास. आणि चालवलंसच मला. वाकडी, तिरपी, भिंत धरून, पण चालले. तू गेल्यावरही चालत राहिले, कारण मी थांबले तर तू हरशील असं वाटायचं. चाळिशी उलटली आणि कंबर ठणकायला लागली, टाचा वर ओढल्या गेल्या, उजवी मूठ उघडेना. उठता बसता पडायचे. तरी खुर्चीचं नाव कुणी काढलं की मी अंगावर जायचे, अगदी तुझ्यासारखी.

शेवटी भाऊ मला महाडला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. त्या पुनर्वसनाच्या डॉक्टर, म्हणजे आजार घालवणाऱ्या नव्हेत, आहे त्या शरीरात जगणं सोपं करून देणाऱ्या. त्यांनी मला चालायला लावलं, पेला उचलायला लावला, खुब्याचा एक्स-रे पाहिला. म्हणाल्या, "मेंदूची इजा जन्माच्या वेळची, ती वाढत नाही. पण शरीर राबून थकलंय. सेरेब्रल पाल्सीची मुलं मोठी होतात, हे लोक विसरूनच जातात." मग विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" भाऊ लगेच म्हणाला, "नीट चालता आलं पाहिजे." "मी यांना विचारतेय," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. माझं वाक्य संपेपर्यंत थांबल्या, आई! मी म्हणाले, फुगडी घालायचीय. भाऊ खो खो हसला. बाई माझी मूठ उलगडून बघत म्हणाल्या, "मग आधी हा हात सैल करू. घरात पाय वापरा, बाहेर चाकं. सगळी ताकद चालण्यातच गेली तर फुगडीला काय उरणार?" मी मान डोलावली. तूही डोलावली असतीस.

मग आवळलेल्या स्नायूंत इंजेक्शनं झाली, थेरपिस्टनं रोजचे व्यायाम शिकवले, हाताला बांधायची पट्टी आली. खुर्ची तर ब्लाउज शिवावा तशी माझ्या मापानं बेतली. आता मला कुणी उचलत नाही, मीच जाते.

यंदा गौरींच्या दुपारी अंगणात बायका जमल्या. वहिनीनं खुर्चीचा पट्टा आवळला, माझे हात हातांत घेतले, म्हणाली, "वन्सं, घट्ट धरा!" आणि सुटली. अंगण फिरलं, तुळस फिरली, हसणाऱ्या बायका फिरल्या. मी किंचाळत होते, लाळ गळत होती, पण पुसायला वेळ कुणाला! वहिनीच धापा टाकत ओरडली, "मेले गो बाय! वन्सं काय दमायच्या नाय, त्यांना चाकं हायत!" इतकी मी जन्मात हसले नव्हते.

हे पत्र मी वहिनीपासून लपवणार आहे. बिचारी गावभर सांगत सुटलीय की वन्संची फुगडी मी घातली, आणि ते खरंच आहे. पण लहानपणी तू मला मांडीवर घेऊन पायरीवर बसायचीस, बायका फुगडीला बोलवायच्या, तू मान हलवून नको म्हणायचीस, आणि तुझा पाय मात्र माझ्याखाली ठेका धरायचा. तो मला अंगभर कळायचा. डॉक्टरबाईंना मी अर्धंच सांगितलं. फुगडी मला तुझ्याबरोबर घालायची होती.